हौसाईची वाकडी वाट

फार वर्षं झाली. चिंचखोऱ्यात पाट खणणारी हौसा राहायची. त्या उन्हाळ्यात तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. विहीर आटलेली. पाणी होतं डोंगरमाथ्यावरच्या तळ्यात. एक घागर आणायची तर अर्धा दिवस जाई, आणि तेवढा वेळ तापाने फणफणलेली तिची लेक सोनी घरात एकटी. आपण दार उघडू तेव्हा पोर ओ देईल ना, हाच घोर.

म्हणून हौसा तळ्यापासून गावापर्यंत पाट खणायला लागली, डोंगराच्या कडेकडेने, वळणं घेत. पाणी लेकरासारखं रांगत आणावं, धावलं की पडतं, असं ती म्हणे.

"हौसे, हा पाट म्हणायचा की दारुड्याची वाट?" म्हातारा नारबा हसला. "डोंगर बघ, कसा सरळसोट कोन करून उभा. दोरी लाव, सरळ काप. आठ दिवसांत पाणी दारात."

"कोन लांबून दिसतो, नारबाबा. अंगावर चढलं की सगळी वळणंच."

"वळणं घे की. पण पाट पुरा होईस्तोवर तुझी पोर राहील का?"

हे मात्र तिला लागलं. आपलं शहाणपण पोरीपेक्षा मोठं आहे का, असं तिला वाटलं. तिने दोरी लावली.

आठव्या दिवशी तिने तळ्याचा काठ फोडला. पाणी रांगलं नाही. काठ घेऊनच सुटलं. अख्खं तळं तासाभरात खाली आलं, शेतांची माती खडकापर्यंत खरवडून ओढ्यात गेलं. वर चिखल उरला, आणि डोंगरावर माथ्यापासून पायथ्यापर्यंत एक सरळ चीर.

सोनीचा ताप त्याच दुपारी आपोआप उतरला.

गाव उठून दूर नदीकाठी गेलं. सोनी तिथेच मोठी झाली. हौसा मात्र रोज नदीची घागर घेऊन, आपल्या अर्धवट पाटाच्या वळणावळणाने वर जायची आणि तळ्यात ओतायची. तिच्या पायांनीच ती वाट पुरी झाली, असं म्हणतात. तळं काही भरलं नाही. असं म्हणतात, शेवटी एक दिवस वरून नुसती ओली पावलं उतरत आली. बाई आली नाही.

अजूनही चैत्रात सगळं गाव घागरी घेऊन हौसाईच्या वाटेने चढतं. चिरेतून गेलं तर निम्मं अंतर; पण तिथे कुणी पाय ठेवत नाही. शेवटची घागर ओतेस्तोवर पहिलीचं पाणी जिरलेलं असतं.

मग गावातली सगळ्यांत धाकटी मुलगी चिरेपाशी उभी राहते. तळं फुटलं त्या दिवशी, ताप उतरल्यावर, हौसाने सोनीला कडेवर घेऊन इथे आणलं होतं. आता पोर पाणी मागेल, असं हौसाला वाटलं होतं. सोनी चिरेकडे बघत जे बोलली, तेच ती मुलगी विचारते:

"आये, डोंगराला लागलं का गं?"