तांबी मुंगशिणीचा पाला

फार फार वर्षांपूर्वी करवंदीच्या रानात तांबी नावाची मुंगशीण राहायची. कुठल्या दुखण्यावर कुठला पाला द्यायचा, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. त्या वर्षी रानात तापाची साथ आली आणि तिच्या बिळापुढची रीघ हटेना. जो तो आपलं दुखणं सांगायचा. तिची विचारपूस कुणी करेना आणि तीही कधी ‘थकले’ म्हणाली नाही.

एके सकाळी सशीण तापलेलं पिल्लू घेऊन आली. “तांबीताई, वाचेल ना गं माझं लेकरू?” तिने पुन्हा पुन्हा विचारलं.

“सारखं काय तेच तेच? हा पाला चाटव आणि नीघ!” तांबी खेकसली.

पाला किती चाटवायचा, हे विचारायचा सशिणीला धीर झाला नाही. संध्याकाळी पिल्लू गेलं.

बातमी ऐकून तांबी बिळाच्या तोंडाशी बसून राहिली. तेवढ्यात कासवआजोबा आले.

“काय दुखतंय?” तिने मान वर न करता विचारलं.

“काही नाही गं. तू जेवलीस का, ते बघायला आलो.”

तांबीला रडू कोसळलं. ती बोलत राहिली, आजोबा ऐकत राहिले. मग दोघं सशिणीकडे गेली.

सशिणीने तांबीकडे पाहिलं नाही. पण तिला जा असंही म्हटलं नाही.