हिरवा जुळा

पंपमंडळी ज्या काळाला ‘फार पूर्वी’ म्हणतात, तेव्हाची ही गोष्ट. गावच्या पाणीयोजनेच्या पंपाला ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर जुळा भाऊ मिळाला, म्हणजे पंपाची हालत जशीच्या तशी दाखवणारं त्याचं चित्र. पंप तापला की जुळा लाल व्हायचा आणि मेकॅनिक धावायचा.

पण लाल दिसलं की वरचे साहेब चिडत. म्हणून धायगुडे इंजिनिअरांनी जुळा कायमचा हिरवा करून टाकला.

"अरे, माझं बेअरिंग जळतंय, सांग कुणाला तरी," पंप म्हणाला.

"मला तर बरं वाटतंय," जुळा म्हणाला.

खंडेनवमीला झेंडूचा हारही पडद्यालाच घातला. दुसऱ्या दिवशी पंप जाम झाला.

हौसाबाई रिकामा हंडा घेऊन ऑफिसात आल्या. "नळाला पाणी नाही."

"पंप तर चालू आहे," इंजिनिअरांनी पडदा दाखवला.

हौसाबाईंनी हंडा पडद्याखाली ठेवला. "मग भरला की हाक मारा."