सुगरणीची गाठ

पाखरं अजून खोपे विणायला शिकत होती, तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या बाभळीवर एका सुगरणीने सापाला उकलणार नाही अशी गाठ शोधली आणि येईल त्याला फुकट शिकवली.

नदीवरच्या चौकीतली घोरपड म्हणाली, “गाठ नदीपार जायची तर कुठे शिकवतेस, ते आधी चौकीवर येऊन कळव.”

“उघड्या झाडावर शिकवते. त्यात कळवायचं काय डोंबल?” सुगरण फणकारली आणि गेलीच नाही.

घोरपडीने पलीकडून शिकायला आलेली पाखरं परतवली. आठवड्यात तिकडे सापाने सुगरणीच्या बहिणीच्या खोप्याची साधी गाठ उकलून तिची पिल्लं गिळली.

सुगरण तडक चौकीवर गेली. “बाभळीवर शिकवते.”

घोरपडीने पानावर नखाने खूण केली. “झालं. जाऊ दे गाठ.”

“एवढ्यासाठी पिल्लं गेली?”

“मी एवढंच मागितलं होतं.”

सुगरणीला घोरपडीचा संताप आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.