साळुंकीबाईंचा उसासा

जांभळीच्या झाडावर साळुंकीबाईंची शाळा भरायची, त्या काळची ही गोष्ट. रानातली सगळी पिल्लं बाईंकडेच गाणं शिकत.

बाई कामाला चोख, म्हणून रानाचे पाटील कावळेराव एकेक काम त्यांच्याच गळ्यात घालत. घरटी मोजायची, सापावर नजर ठेवायची, मोराच्या मिरवणुकीत पुढे राहून गायचं.

"थोडा विसावा मिळाला असता तर बरं झालं असतं," बाई एकदा म्हणाल्या.

"बाई, तुम्हाला कसला विसावा? फांदीवर बसून तर शिकवायचं," कावळेराव म्हणाले.

बाई शिकवत राहिल्या. फक्त प्रत्येक ओळीनंतर त्यांच्या तोंडून नकळत उसासा निघू लागला. पिल्लांनी तोही मन लावून घोटला.

वसंत आला तेव्हा बाईंची फांदी रिकामी झाली होती. पिल्लं गायला बसली. प्रत्येक ओळ संपली की सगळं रान उसासा टाकायचं.

"हे मधेच काय चालवलंय?" कावळेराव आपल्या पिल्लावर खेकसले.

पिल्लू गोंधळलं. "बाबा, हे गाण्यातलंच आहे. शेवटी शेवटी बाई ओळी विसरायच्या, पण हे कधीच विसरल्या नाहीत."