चमचाभर विरजण

कनकापूरचे जहागीरदार रंगराव दर उत्सवात ढोल बडवून गावाला दह्याची मडकी वाटत. तरी गाव दानशूर म्हणे ते चंद्राक्काला! ही बाई असं देते तरी काय, या कुतूहलानं रंगरावांना घास गोड लागेना. शेवटी भर पंगतीतच त्यांनी तिला बोलावून विचारलं.

"चमचाभर विरजण देते, सरकार. कुणी परत करायला आलं, की म्हणते, मला नको, शेजारी मागेल त्याला द्या."

रंगराव खो खो हसले. "चमचाभर! हे तुझं दान आत्ताच्या आत्ता दाखव, नाहीतर गावासमोर माफी माग."

"दाखवते की. पण आधी आपण मागच्या उत्सवात दिलेलं दही दाखवता का?"

"ते आता कुठलं? लोकांनी त्याच दिवशी संपवलं!"

"माझंही रोज संपवतात," चंद्राक्का म्हणाली, "तरी उरतं. आपल्याच पानात बघा."

दहीभाताचा घास रंगरावांच्या हातातच राहिला. दाराआडून स्वयंपाकीण चाचरत म्हणाली, "उन्हाळ्यात आपलं विरजण नासलं होतं, सरकार. शेजारच्या कासारांकडून आणलं. त्यांना अक्कांनीच दिलेलं."

रंगराव ओशाळून म्हणाले, "अक्का, हे फेडू कसं?"

"मला नको, सरकार. शेजारी मागेल त्याला द्या. फक्त ढोल वाजवू नका."