ग्रहणातलं बोंडलं

त्या वर्षी झोळीमहाराजांचा मुक्काम कवठदऱ्याला, मारुतीच्या पारावर होता. चमत्कार दाखवा म्हणून कोणी मागे लागले, की महाराज म्हणत, "आधी अंगण झाडून ये." त्यामुळे गर्दी बेताचीच असे.

त्याच गावात गजराबाईला मुलगी झाली. वरचा ओठ पार नाकापर्यंत दुभंगलेला. नवरा गवंडीकामाला परगावी. घरात सत्ता थोरल्या नणंदेची, तानाबाईची.

"ग्रहणात विळी धरली असशील," तानाबाई म्हणाली. गजराबाईने विळी धरली नव्हती, पण ऐकतो कोण? बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तानाबाईने भर ओट्यावर सांगून टाकले, "फाटक्या तोंडाचं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही." पोर बिननावाची राहिली.

गजराबाईने तालुक्याचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ओठ शिवता येतो. पण मोठे डॉक्टर वर्षातून एकदाच येतात, तोवर वजन भरलं पाहिजे. हिला ओढून पिता येत नाही. दूध पिळून बोंडल्यानं पाजा, बसतं धरून. आणि ही चिकटपट्टी या गालापासून त्या गालापर्यंत लावत जा. ओठाच्या कडा जवळ येतील."

गावाने पट्टीचे नाव 'मिशी' ठेवले. पाणवठ्यावर बायका विचारत, "गजरे, मिशीला पीळ दिलास का गं?"

हे महाराजांच्या कानी गेले. त्यांनी गजराबाईकडून एक पट्टी मागून घेतली नि आपल्या पांढऱ्या मिशीवर आडवी चिकटवली. दिवसभर तसेच पारावर बसले. पाया पडायला येणाऱ्यांची पंचाईत झाली. हसावे तरी पाप. संध्याकाळी पट्टी सोलताना निम्मी मिशी तिच्याबरोबर गेली, पण पाणवठा गप्प झाला.

मोठे डॉक्टर यायच्या आदल्याच दिवशी चंद्रग्रहण आले. वजन अजून थोडे कमीच होते. तानाबाईने सकाळपासून वेध धरले, चूल विझवली, शेळीचे दूध उकिरड्यावर ओतले.

"वन्सं, लेकुरवाळीला सूट असते."

"इतर लेकुरवाळींना. तुझ्या पोरीला ग्रहण एकदा भोवलंय ना?"

उपाशीपोटी गजराबाईचे दूध आटले. पिळून पिळून बोंडल्याचा तळ जेमतेम ओला झाला. दिवस कलला तशी पोर रडायचीही थांबली. मग पोर नि बोंडले घेऊन गजराबाई उठली. तानाबाई उंबरठ्यात आडवी झाली.

"बाहेर गेलीस तर परत येऊ नकोस."

"नाही येत," म्हणून गजराबाईने तिचा हात बाजूला केला.

चंद्र ग्रासलेलाच उगवत होता. सारा गाव पारावर नामस्मरणाला बसलेला. महाराजांनी झोळीतून भाकरी काढली. "खा."

"ग्रहण आहे, महाराज."

"मला दिसतंय की." त्यांनी भाकरी मोडली, अर्धी तिला दिली नि अर्धी सगळ्यांदेखत स्वतः चावू लागले. टाळ थांबले. महाराजांनी पोरीला मांडीवर बसते धरले नि बोंडल्याची चोच तिच्या तोंडात दिली.

मागोमाग तानाबाई आलीच. "रिकामं बोंडलं पाजताय, महाराज. मी बघितलंय, त्यात काही नाही."

"मग तूच धर," महाराज म्हणाले.

तिने बोंडले धरले. आत डोकावली. तळ ओला, बस तेवढाच. पण पोर घुटका घेत होती! हनुवटीवरून दूध ओघळून तानाबाईच्या मनगटावर आले. कोमट. तिचा हात कापू लागला.

"कापू नकोस. ठसका लागेल तिला," महाराज म्हणाले.

ग्रहण सुटेपर्यंत तानाबाईने हात हलवला नाही. शेवटी पोरीनेच तोंड फिरवले. तळ अजून ओलाच होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या काट्याने वजन पुरते दाखवले. ओठ शिवला गेला.

जखम भरून आल्यावर पारावरच पाळणा बांधला. तानाबाई सगळ्यांच्या मागून आली नि महाराजांच्या पायाशी वाकली. महाराजांनी पाय मांडीखाली घेतले. "माझे पाय राहू देत. वाकायचंच तर तिथं वाक."

"नाव काय सांगू?"

"आत्या तू का मी?"

तानाबाई पाळण्यात वाकली, पार कपाळ टेकेपर्यंत. "चंद्रा," ती त्या इवल्या कानात म्हणाली. पोरीने शिवलेल्या ओठांत आत्याच्या पदराचे टोक धरले, नि जन्मात पहिल्यांदा काहीतरी ओढून चोखू लागली.