दादाची नक्षी आणि साहेबांची फिल्म

येवल्यातल्या शंभूचा थोरला भाऊ वारून महिनाही झाला नव्हता. त्याने काढलेली पैठणीच्या काठांची सगळी नक्षी दुकानातल्या एका हार्ड डिस्कवर होती. ती सांभाळून ठेवायला आमच्या कंपनीचं क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण घ्या, असं सांगत पुण्याचे बोरकरसाहेब आले आणि लॅपटॉपवर जाहिरातीची फिल्म दाखवू लागले.

"ती हार्ड डिस्क भंगारात टाक. सगळं फक्त आमच्याकडे ठेव. शिकल्यासवरल्या माणसाचं ऐकावं!"

शंभू तडकला, पण हसून म्हणाला, "सही करतो, साहेब. आधी लॅपटॉपमधली तुमची ही जाहिरातीची फिल्म पुसा, आणि क्लाउडवरून दाखवा."

साहेब चाचरले. "पुसली, आणि नेट गेलं तर?"

"तुमची फिल्म पुन्हा बनेल हो. माझा दादा नक्षी काढायला पुन्हा येणार आहे का?"

बोरकरसाहेबांनी क्लाउडवर एक प्रत चढवली आणि हार्ड डिस्क स्वतःच्या हाताने कपाटात ठेवली.